जुनी जीप : निगा आधी, भटकंती मागाहून

मारुती जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. महिंद्रच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपगाड्या तर त्याच्या बऱ्याच आधी बाजारातून गेल्या. तरीही पुण्या-मुंबईतील हौशी मंडळींमध्ये या गाड्यांची ओढ कमी झालेली नाही. भक्कम शिडीवजा चेसिस, पुढे-मागे पाट्यांचे सस्पेन्शन, चारही चाकांना इंजिनाचे बळ देण्याची सोय आणि तालुक्याच्या गावातील मेकॅनिकलाही उमगेल अशी साधी रचना ही या गाड्यांची बलस्थाने होत. मात्र आज वापरलेली म्हणून विकत मिळणारी अशी बहुतेक गाडी पंधरा ते तीस वर्षांची असते आणि तिची निगा आधीच्या मालकाने कशी राखली, हे सहसा कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

शहरात गाडी बंद पडली, तर फार तर दोन तास आणि थोडे पैसे जातात. पावसाळ्यात वरंध किंवा ताम्हिणीच्या परिसरातील आडवाटेवर, मोबाइलला रेंज नसताना आणि सोबत घरातील मुले असताना तीच गाडी बंद पडली, तर प्रश्न पैशांचा राहत नाही. उतारावर ब्रेक दगा देऊ लागले, तर तो जिवाचाच होतो. त्यामुळे अशी गाडी घेणाऱ्याने आकर्षक दिवे आणि मोठे टायर यांच्याआधी दोन गोष्टींचा विचार करायला हवा. पहिली, बिघाड होऊच नये म्हणून आधीच करायची देखभाल; आणि दुसरी, तरीही बिघाड झालाच तर गाडीत असावीत अशी अवजारे. यांपैकी पहिलीला दुसरी पर्याय ठरू शकत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो?

जुन्या जीपचे लोखंड दांडगे असते. इंजिनाचा ब्लॉक, गिअर, अॅक्सल हे भाग सहसा पूर्वसूचना न देता मोडत नाहीत. आवाज, कंप किंवा तेलाची गळती यांतून ते आधी तक्रार करतात. वाटेत अडकवतात ते स्वस्त आणि वयाने थकणारे भाग : रेडिएटरचा होज पाइप, फॅन बेल्ट, त्यांच्या क्लिपा, इंधनाची नळी, ब्रेकमधील रबर, बॅटरीचे गंजलेले टर्मिनल, वाळलेले ग्रीस. गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा किती वर्षे उभी होती, यावर यांचे आयुष्य अधिक अवलंबून असते. म्हणूनच ‘कमी चाललेली’ जुनी जीप ही नेहमीच निर्धोक जीप नसते.

घेण्यापूर्वीची पाहणी

गाडी कोकणात किंवा किनारपट्टीवर वापरलेली असेल, तर पाहणीची सुरुवात चेसिसपासून करावी. खाऱ्या हवेने आतून पोखरलेले लोखंड वरून दिलेल्या काळ्या रंगाखाली झाकले जाते. पाट्यांच्या शॅकलभोवती, बॉडी जिथे चेसिसवर बसते त्या ठिकाणी आणि मागील आडव्या पट्टीवर लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी तिचा नाद सोडणे शहाणपणाचे.

फोर-व्हील-ड्राइव्ह प्रत्यक्ष चालते की नाही, हे मोकळ्या मातीच्या जमिनीवर पाहावे. फ्री व्हील हब असलेल्या गाडीत ते लॉक करून पुढची चाके ओढ घेतात का आणि लो रेंजमध्ये गिअर निसटतो का, हे तपासावे. ही चाचणी डांबरी रस्त्यावर करू नये. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये फरक सामावून घेणारा डिफरेन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. घट्ट रस्त्यावर तसे होत नाही आणि सारा ताण ट्रान्स्फर केस व शाफ्टवर येतो.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. विक्रेत्याच्या गाडीचे नूतनीकरण झाले आहे का, चेसिस व इंजिनाचे क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळतात का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच पाहावे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या असून, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या अधोरेखित केल्या आहेत. पुढे बसवलेल्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देशही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले होते. तेव्हा आधीच्या मालकाने केलेली ‘सजावट’ नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

पहिले काम : सर्व द्रव बदला

गाडी ताब्यात आल्यावर जुन्या नोंदींवर विसंबून न राहता सर्व द्रव एकदाच बदलावेत. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा आणि मागचा डिफरेन्शियल, कूलंट व ब्रेक ऑइल असा हा क्रम आहे. त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. यापुढील सारा हिशेब तेथून सुरू होतो.

काढलेले तेल फेकून देण्याआधी ते नीट पाहावे, कारण गाडीच्या प्रकृतीचा तो अहवालच असतो. डिफरेन्शियलचे तेल दुधाळ झाले असेल, तर आत पाणी गेले आहे. ओढ्यातून जाताना तापलेला अॅक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. हे टाळण्यासाठी अॅक्सलला हवा घेण्याची ब्रीदरची वाट असते. ती चिखलाने बुजली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. ड्रेन प्लगच्या टोकाशी लोखंडाची बारीक पूड मिळणे स्वाभाविक असते. खवले किंवा तुकडे मिळणे हे मात्र दुरुस्तीचे निमंत्रण समजावे. डिफरेन्शियलला लागणारे जीएल-५ प्रतीचे तेल काही गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना मानवत नाही. त्यामुळे कोणत्या ठिकाणी कोणते तेल, हे माहितीपुस्तिकेतूनच ठरवावे.

ब्रेक : येथे काटकसर नको

ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, हे अनेकांना ठाऊक नसते. नव्या डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यानंतर मात्र त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ असे आहेत. लांबलचक घाट ब्रेक दाबत उतरताना चाकाजवळचे तापमान इतके वाढते, की जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय पॅडलवर असूनही गाडी थांबत नाही. गाडी पूर्वी ठीक होती आणि घाटातच ब्रेक गेले, अशा घटनांमागचे हे एक नेहमीचे कारण आहे.

उपाय सोपा आहे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, पुस्तिकेत सांगितलेलीच प्रत वापरावी आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. मास्टर सिलिंडर व चाकांतील सिलिंडरचे रबर, लवचीक होज आणि चेसिसलगतची धातूची नळी यांची पाहणी दर पावसाळ्यापूर्वी व्हावी. ड्रमच्या आतील बाजूने ओल दिसली, तर तो ब्रेक ऑइलचा पाझर आहे की अॅक्सलच्या सीलमधून आलेले तेल, हे पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

तापणारे इंजिन

जीप कमी वेगाने, खालच्या गिअरमध्ये, चढावर चालते तेव्हा समोरून येणारी हवा अपुरी आणि इंजिनावरील भार मात्र पुरेपूर असतो. रेडिएटर आतून गाळाने व बाहेरून चिखलाने भरलेला असेल, तर काटा वर जाणारच. नळाच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कूलंट व शुद्ध केलेले पाणी यांचे मिश्रण वापरावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजमध्ये मिळतो, तो मानू नये. त्यामुळे इंजिन योग्य तापमानालाच येत नाही आणि मूळ दोष झाकला जातो. रेडिएटरच्या झाकणाकडेही लक्ष हवे. ते आत दाब टिकवून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. त्याची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले, की पाणी लवकर उकळू लागते.

वाटेत काटा लाल रेघेकडे गेलाच, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन पुरेसे थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. उकळत्या पाण्याचा फवारा चेहऱ्यावर येऊन गंभीर भाजल्याच्या घटना यातूनच घडतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाण्याची भीती असते.

रबर आणि इंधन

होज पाइप हाताने दाबून पाहावा. तो चिकट, फुगीर किंवा भेगाळलेला लागला, तर बदलावा. जिप्सीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर गाडी घेताच बदलून टाकणे इष्ट. तो तुटला की इंजिन त्याच जागी बंद पडते आणि रस्त्याच्या कडेला काहीही करता येत नाही.

पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या जिप्सीच्या इंधननळ्या, कार्ब्युरेटरमधील रबर व गॅसकेट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकतील अशा प्रतीच्या बसवाव्यात आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर शोध लागेपर्यंत गाडी सुरू करू नये. डिझेल जीपमध्ये फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी ठरावीक काळाने सोडून द्यावे.

पाटे, क्रॉस आणि स्टीअरिंग

या गाड्यांना ग्रीस गनची सवय लावावी लागते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शॅकल आणि स्टीअरिंगचे सांधे यांना ज्या ठिकाणी निपल आहेत, तेथे साधारणतः दर पाच हजार किलोमीटरला आणि खोल पाण्यातून गेल्यानंतर लगेच ग्रीस भरावे. नवे ग्रीस आत जाताना जुने ग्रीस, माती आणि पाणी बाहेर ढकलते, हा त्यातील खरा लाभ. गाडी हलताना ‘टक’ असा आवाज येत असेल, तर क्रॉस झिजला आहे असे समजावे. धावत्या गाडीत शाफ्ट सुटला, तर तो खालून ब्रेकच्या नळ्या आणि इंधनटाकीचीही वाट लावू शकतो.

पन्नास-साठच्या वेगाला खड्ड्यातून गेल्यावर स्टीअरिंग जोरात थरथरू लागणे हा जुन्या जीपचा प्रसिद्ध दोष आहे. केवळ स्टीअरिंग डॅम्पर बदलून तो काही काळ दबतो, बरा होत नाही. किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोके, चाकांचे बेअरिंग, पाट्यांचे बुश आणि टायरचे बॅलन्सिंग या क्रमाने ढिलाई शोधावी.

टायर आणि बॅटरी

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांनंतरच्या संकेताच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी दहा वर्षांपलीकडचा टायर वापरू नये. हाच नियम स्टेपनीलाही लागू आहे, आणि नेमकी तीच सर्वांत जुनी असते.

साधा मल्टीमीटर जवळ असला, तर बॅटरीविषयीचे निम्मे प्रश्न सुटतात. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा वाढत नसेल, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंगमध्ये आहे. चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी उघडून, घासून पुन्हा बसवली, तर कित्येक ‘अगम्य’ दोष नाहीसे होतात.

गाडीतील पेटी

तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. पेटी मोठी असण्यापेक्षा ती आपल्या गाडीची असणे महत्त्वाचे. आपल्या गाडीत कोणत्या मापाचे नट-बोल्ट आहेत, हे एकदा तपासून तेवढेच पाने ठेवावेत. जुन्या महिंद्र जीपमध्ये इंची आणि मिलिमीटर अशी दोन्ही मापे एकाच गाडीत आढळू शकतात.

हत्यारे : रिंग पाने व फिक्स पाने, सॉकेट सेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, टॉमी, ग्रीस गन, मल्टीमीटर, डोक्याला लावायचा टॉर्च.

सुटे भाग : फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर होज, क्लिपा, फ्यूज, बल्ब, इंधन फिल्टर, पेट्रोल गाडीसाठी प्लग, एक प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, निरनिराळ्या मापांचे नट-बोल्ट. मुदतीपूर्वी बदललेला पण अजून चांगला असलेला बेल्ट किंवा होज टाकून न देता गाडीतच ठेवावा. तो आपल्या गाडीला बसतो, याची खात्री आधीच झालेली असते.

तात्पुरता इलाज : बायंडिंग वायर, इन्शुलेशन टेप, गळती बुजवणारी पुट्टी, विजेची तार, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणि किमान पाच लिटर पाणी. उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली वर्षभर गाडीत ठेवू नये. तीही बाष्प शोषत असते.

चाकासाठी : बॉटल जॅक, त्याखाली ठेवायला जाड फळी, चाकाला लावायचे दोन ठोकळे, व्हील पाना व तो फिरवायला लांब पाइप, पंक्चर किट, हवेचा पंप आणि प्रेशर गेज. पाटे वाढवून उंच केलेल्या गाडीला मूळ जॅक पुरत नाही, हे अनेकदा जंगलातच कळते.

माणसांसाठी : प्रथमोपचार पेटी, चालकाच्या हाताशी एबीसी प्रकारचा अग्निशामक, परावर्तक त्रिकोण, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, पांघरूण आणि परिसराचा कागदी नकाशा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक चालतात. मात्र रेंजच नसेल, तर घरी सांगून ठेवलेला मार्ग व परतीची वेळ हीच खरी मदत.

रुतलेली गाडी काढताना

गाडी रुतली, की पहिले अवजार फावडे आणि दुसरे प्रेशर गेज. चाकापुढचा चिखल उपसून टायरमधील हवा कमी केली, तर पुष्कळ गाड्या दोराविनाच निघतात. घट्ट रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून पंपाशिवाय हवा सोडू नये.

ओढण्याची वेळ आलीच, तर दोर चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा. बंपर, स्टीअरिंगचा रॉड किंवा ट्रेलर जोडण्याचा गोळा यांना कदापि नाही. शॅकलवर भारक्षमता कोरलेली असावी. पाऊण इंची बो-शॅकलची ती सहसा ४.७५ टन असते. साखळीने किंवा वायर रोपने झटका देऊन ओढू नये. झटक्यासाठी ताणले जाणारे खास पट्टे वेगळे मिळतात. ताणलेला दोर तुटला किंवा हुक उखडला, तर तो गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसे दगावली आहेत. म्हणून दोरावर मधोमध जड पांघरूण टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे.

वाहत्या पाण्यात गाडी घालणे हे धाडस नव्हे. प्रवाह चाकांना लोटतो आणि पाणी बॉडीला लागले की गाडी हलकी होऊन तरंगू लागते. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च उभा राहतो. ओढा ओलांडल्यावर काही अंतर हलके ब्रेक दाबत जाऊन ते कोरडे करून घ्यावेत.

घरच्या अंगणात रंगीत तालीम

पेटी भरली म्हणजे तयारी झाली असे नाही. लांबच्या प्रवासापूर्वी एका रविवारी, इमारतीच्या आवारातच, गाडीतील साधनांखेरीज काहीही न वापरता एक चाक बदलावे, फॅन बेल्ट काढून पुन्हा घालावा आणि डिझेल गाडी असेल, तर फिल्टरवरील हातपंपाने इंधनातील हवा काढून पाहावी. कोणता पाना कमी आहे, कोणता नट गंजून बसला आहे आणि कोणते काम एकट्याने होत नाही, हे त्या दोन तासांत समजते. जवळच शेजारी असताना आणि दिवसाउजेडी ते समजलेले केव्हाही चांगले.

त्या वहीत मग तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि पुढची मुदत एवढेच लिहीत जावे. वर्षभरानंतर ती वही त्या गाडीची सर्वांत विश्वसनीय माहितीपुस्तिका ठरते, आणि पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर नव्या मालकाला अंधारात सुरुवात करावी लागत नाही.